३.७ व्होल्ट दिसतंय, पण शिल्लक किती?

लिथियम सेलवर ३.७ व्होल्ट छापलेलं असतं. मल्टिमीटर लावला आणि नेमका तोच आकडा आला की माणूस निर्धास्त होतो. छापलंय तेवढं आहे, म्हणजे बॅटरी भरलेली! ठाणे स्टेशनबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यांत हा संवाद कधीही ऐकायला मिळेल. प्रत्यक्षात तो सेल तेव्हा निम्म्याच्या खाली आलेला असतो. ३.७ (काही सेलवर ३.६) हा भरलेल्या सेलचा आकडा नव्हेच. पूर्ण भरल्यापासून रिकामा होईपर्यंत सेल जे व्होल्टेज देतो, त्याची ती साधारण सरासरी. भरलेला सेल ४.२ दाखवतो आणि ३ च्या आसपास त्याचं काम आटोपतं.

सगळा खेळ या सव्वा व्होल्टच्या आतला आहे. फोन वीस टक्क्यांवर असताना अचानक का मान टाकतो, उपवनहून येऊरला चढताना इलेक्ट्रिक स्कूटरचे टक्के का घसरतात आणि वर पोचून चहा पिईपर्यंत त्यातले थोडे परत कसे येतात, हे सगळं या सव्वा व्होल्टमध्येच दडलेलं आहे.

समजून घ्यायला मी उदाहरण घेतोय ई-सिगारेटचं. नाक मुरडू नका, कारण आहे. फोनमध्ये सेल आणि तुम्ही यांच्यामध्ये इतकी इलेक्ट्रॉनिक्स असते की सेलचा मूळ स्वभाव दिसतच नाही. जुन्या पद्धतीच्या पेनासारख्या ई-सिगारेटमध्ये मात्र एक सेल, एक बटण आणि तारेची एक छोटी कॉइल, एवढंच असतं. बटण दाबलं की कॉइल तापते आणि तिच्याभोवतीच्या कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते. इतकं उघडंवाघडं सर्किट आजकाल बघायला मिळत नाही. बाकी, भारतात २०१९ च्या कायद्याने या वस्तूचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी त्या कॉलेजच्या दप्तरांत सापडतात, आणि संपल्यावर त्यातले सेल काढून त्यांची पॉवर बँक बनवणारी उत्साही मंडळीही आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी सेलच्या पोटात काय चालतं ते. एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टचं ऑक्साइड. दोन्ही पदार्थ थरांचे, आणि थरांच्या मधल्या फटींत लिथियम शिरून बसतं. चार्ज केलेल्या सेलमध्ये लिथियम ग्रॅफाइटमध्ये कोंबलेलं असतं. सेल वापरायला लागलात की ते तिथून निघून ऑक्साइडकडे जातं, आणि त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून, म्हणजे आपल्या कॉइलमधून, फिरून जातात. हा मेळ जमवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेही २०१९ मध्येच. त्याआधी १९९१ मध्ये सोनीने असे सेल पहिल्यांदा बाजारात आणले होते.

व्होल्टेज म्हणजे या लिथियमची इकडून तिकडे जाण्याची ओढ. ही ओढ सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी का? ठाण्याहून सुटणारी वाशी लोकल डोळ्यांसमोर आणा. गाडी रिकामी लागते. पहिली माणसं धावतात, कारण खिडकी मिळणार असते. मग मधल्या सीटा भरतात. तिथे बसणाऱ्यांची ओढ साधारण सारखीच, कारण मधली एक सीट काय नि दुसरी काय. त्यानंतर चौथी सीट, मग उभं राहणं, आणि शेवटी "जाऊ दे, पुढच्या गाडीने जाऊ". ऑक्साइडमध्ये शिरणाऱ्या लिथियमचं असंच होतं. म्हणून सुरुवातीला व्होल्टेज ४.२ वरून भरभर चारच्या खाली उतरतं, मग ३.८ ते ३.६ च्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतं, आणि शेवटी ३.४ च्या खाली गेलं की कड्यावरून घरंगळल्यासारखं पडतं. शेवटच्या या पडझडीला मुख्यतः ग्रॅफाइट जबाबदार असतं. त्यात लिथियम भरपूर असेतो ते फार कुरकुर न करता सोडतं, पण अगदी थोडं उरलं की ते हातचं सोडायला तयार नसतं.

त्यामुळे व्होल्टेज आणि शिल्लक यांचं नातं सरळ रेषेचं नाही. काही न जोडता तासभर ठेवलेल्या सेलवर ४.० व्होल्ट आलं तर साधारण ऐंशी टक्के शिल्लक धरायची, ३.८ ला पंचावन्न-साठ, ३.६ ला वीस-पंचवीस, आणि ३.४ च्या खाली जवळजवळ खडखडाट. सेलच्या रसायनाप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण गंमत बघा, ३.८ ते ३.६ एवढ्या पाव व्होल्टपेक्षाही कमी अंतरात सेलची एक तृतीयांशाहून जास्त पुंजी खर्च होते. या पट्ट्यात मीटर ०.०५ ने चुकला तरी अंदाज आठ-दहा टक्क्यांनी चुकतो. बाजारातले दीड-दोनशे रुपयांचे मीटर एवढे चुकणारच नाहीत अशी हमी कोण देणार?

आता कॉइल जोडू. कॉइलचा रोध १.८ ओहम धरा. तारेत किती उष्णता तयार होते ते व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतं: व्होल्टेज गुणिले व्होल्टेज, भागिले रोध. ४.२ व्होल्टला ९.८ वॉट येतात. ३.७ ला ७.६. ३.३ ला फक्त ६. म्हणजे व्होल्टेज एक पंचमांशाने उतरलं, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. वर्गाचा हा तडाखा सगळीकडे बसतो. सोसायटीत संध्याकाळी व्होल्टेज जरासं पडलं की गीझरला पाणी तापवायला भलताच वेळ लागतो, तोही याच हिशोबाने. साध्या पेनाची वाफ चार्जिंगनंतर पहिल्यांदा दाट येते आणि मग दिवसभर पातळ होत जाते. वापरणाऱ्याला वाटतं कॉइल जळली किंवा द्रव खराब निघाला. कॉइल बिचारी ठीक असते. सेल उतरणीला लागलेला असतो.

पण हा हिशोबही अजून कागदावरचाच आहे, कारण ४.२ व्होल्ट कॉइलपर्यंत पोचतातच कुठे? सेलचा स्वतःचा एक रोध असतो, अंतर्गत रोध. लोकलचंच घ्यायचं तर आत सीटा मोकळ्या आहेत, पण सगळे एकाच वेळी दारात घुसले तर दारातच कोंडी होते. करंट जितका जास्त, तितकी कोंडी मोठी आणि तितकं व्होल्टेज आतल्या आत खर्च. नवा छोटा सेल असेल, त्याचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर बटण दाबल्याबरोबर ४.२ चे ३.९८ होतात आणि कॉइलला ९.८ ऐवजी ८.८ वॉट मिळतात. सेल जुना झाला, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर महिने काढले, आणि हा रोध ०.३ झाला, की भरलेला असूनही तो कॉइलला ३.६ व्होल्टच देऊ शकतो. म्हणजे ७.२ वॉट, नवा सेल अर्धा संपल्यावर देईल तेवढेच. वर सव्वा वॉटच्या आसपास उष्णता खुद्द सेलच्या आत तयार होते. बोटाएवढ्या बंद डबीत सव्वा वॉट म्हणजे हाताला चांगलंच जाणवतं. म्हातारा सेल गरम लागतो तो उगाच नाही.

बटण सोडलं की आकडा पुन्हा वर येतो. यातला काही भाग तत्काळ येतो, कारण करंट थांबला की अंतर्गत रोधात होणारा खर्चही थांबतो. बाकीचा हळूहळू, मिनिटांच्या हिशोबाने, कारण दारापाशी साचलेलं लिथियम थरांमध्ये आतपर्यंत पसरायला वेळ घेतं. मृत ठरवून बाजूला ठेवलेला टॉर्च अर्ध्या तासाने पुन्हा दोन मिनिटं पेटतो ना, तो याच कारणाने. त्यात नवा चार्ज आलेला नसतो. होता तोच वाटेत अडकला होता. दुरुस्तीवाल्यांपैकी जाणकार मंडळी म्हणूनच सेल नुसता मोजून समाधानी होत नाहीत. ते एखादा दिवा किंवा रोधक जोडून लोडवर मोजतात. बिनलोड ४.१ आणि लोडवर ३.४ असा सेल म्हणजे वरून गब्बर दिसणारा पण प्रत्यक्षात दिवाळखोर असामी.

वाफ पातळ होत जाते ही तक्रार उत्पादकांपर्यंत पोचली, आणि त्यांनी दोन उपाय काढले. दोन्ही बघण्यासारखे आहेत, कारण आपल्या घरातल्या निम्म्या वस्तूंमध्ये यांपैकी एक बसवलेला असतो.

पहिला उपाय स्वस्तातला. सेल कॉइलला सलग न जोडता सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करायचा. चालू किती आणि बंद किती, हे प्रमाण एक छोटी चिप ठरवते. समजा कॉइलला कायम ३.७ व्होल्टच्या तोडीची उष्णता द्यायचीय. सेल ४.२ ला असताना चिप त्याला ७८ टक्के वेळच चालू ठेवते. सेल ३.९ वर आला की ९० टक्के. ३.७ ला पोचला की १०० टक्के. इथपर्यंत वापरणाऱ्याला काही फरक कळत नाही. त्याच्या पुढे मात्र चिपच्या हातात काही उरत नाही. मूळ पुंजीच ३.७ च्या खाली गेल्यावर नुसतं चालू-बंद करून ती वाढत नाही. मग पेन पुन्हा साध्या पेनासारखाच उतरत जातो.

याच पेनाला साधा मल्टिमीटर लावला तर तो ३.७ न दाखवता ३.३ च्या जवळ काहीतरी दाखवतो, आणि मग "यात फसवणूक आहे" म्हणून वाद सुरू होतो. फसवणूक कुणाचीच नसते. मीटर चालू-बंदची साधी सरासरी काढतो: ४.२ चे ७८ टक्के, म्हणजे ३.२७ च्या आसपास. उष्णता मात्र वर्गाच्या हिशोबाने होते, आणि त्या हिशोबाने ते ३.७ च भरतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर किंवा मंद होणाऱ्या एलईडी दिव्यावर साध्या मीटरने मोजायला जाल तर असाच गोंधळ उडेल.

दुसरा उपाय महागडा. यात आणखी एक, न तापणारी कॉइल आणि तिच्या आतला फेराइटचा चुंबकीय गाभा यांच्या साहाय्याने व्होल्टेज खरोखर वर चढवणारं सर्किट असतं. सेल ४.२ वर असो की ३.३ वर, बाहेर ठरवलेले वॉट मिळणार म्हणजे मिळणार. ऐकायला झकास. पण ऊर्जा कुठून तरी यायला हवी. ४० वॉट काढायचे तर ४.२ व्होल्टला सेलमधून साडेनऊ अँपिअर ओढावे लागतात, ३.३ व्होल्टला बारा, आणि सर्किटमधली गळती धरली तर त्याहून थोडे जास्तच. म्हणजे सेल जसजसा थकतो तसतशी त्याच्याकडून मागणी वाढत जाते. मागणी वाढली की अंतर्गत रोधातला खर्च वाढतो, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, म्हणून मागणी आणखी वाढते. त्यामुळे असं यंत्र शेवटपर्यंत एकसारखं चालतं आणि मग काही न सांगता एकदम बंद पडतं. तुमच्या फोनची तऱ्हा हीच आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश, प्रोसेसर आणि फाइव्ह-जीची रेंज शोधणं एकाच वेळी आलं की क्षणभर मागणी उसळते, जुना सेल तेवढ्यात ठरावीक पातळीच्या खाली डुबकी मारतो आणि फोन बंद होतो. स्क्रीनवर तेव्हा वीस टक्के लिहिलेले असतात, आणि ते वीस टक्के खोटेही नसतात. सेलमध्ये ते आहेत, फक्त एवढ्या वेगाने बाहेर येऊ शकत नाहीत.

मग हे टक्के ठरवतं कोण? स्वस्त वस्तूंमध्ये व्होल्टेजवरूनच ठरवतात. तीन-चार दिवे असलेल्या पॉवर बँका, ई-सिगारेटच्या बटणातला रंग बदलणारा दिवा, जुन्या ई-स्कूटरवरच्या काड्या, हे सगळं व्होल्टेज बघून लावलेलं गणित. येऊरचा चढ इथे आठवा. १४ सेलची साखळी असलेला पॅक पूर्ण भरल्यावर ५८.८ व्होल्ट दाखवतो. चढावर मोटर तीन किलोवॉट मागते, म्हणजे साठेक अँपिअर. पॅकचा एकूण रोध ५० मिलिओहम धरला तर तीन व्होल्ट आतच जिरले. एका सेलमागे ०.२ व्होल्ट. मधल्या सपाट पट्ट्यात एवढा फरक म्हणजे चांगले तीसेक टक्के. काड्या धडाधड विझतात, आपण घाबरून सावलीत थांबतो, आणि थोड्या वेळात काड्या परत! स्कूटर बिघडलेली नसते. तिच्या मीटरला चढ आणि भूक यांतला फरक ओळखता येत नाही, एवढंच. महापे-शिळफाटा रस्त्यावर मालाने लादलेल्या ई-रिक्षांचंही हेच होतं, आणि त्यांचे चालक हे गणित न शिकताही सपाटीला आल्यावरच मीटर बघायचा हे पक्कं जाणतात.

बऱ्या स्कूटरांत आणि फोनांत व्होल्टेजवर विसंबत नाहीत. सेलच्या वाटेत मिलिओहममध्ये मोजण्याइतका बारीक रोध असलेली पट्टी बसवतात, तिच्यावरून किती करंट गेला, किती वेळ गेला, याची जमाखर्चाची वही एक चिप सतत लिहीत असते. ही पद्धत खूपच चांगली, पण छोट्या छोट्या चुका साचत जातात. म्हणून अधूनमधून एखाद्या पक्क्या खुणेवर, बहुधा पूर्ण चार्जवर, वही पुन्हा जुळवून घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पॅकला तर याची फारच गरज. त्या रसायनाचा पट्टा इतका सपाट असतो की सेल ३.३ ते ३.२ व्होल्टमध्येच बहुतेक आयुष्य काढतो. १६ सेलच्या पॅकवर ५१.२ व्होल्ट छापलेलं असतं ते १६ गुणिले ३.२ म्हणून. त्यात नुसत्या व्होल्टेजवरून शिल्लक सांगणं म्हणजे ज्योतिषच. अशा वाहनाला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करा असं कंपन्या सांगतात, त्यामागे प्रामुख्याने हीच जुळवाजुळव असते. ते कंटाळून टाळणाऱ्यांना मग एखाद्या दिवशी पंधरा टक्क्यांवर पाम बीच रोडच्या कडेला उभं राहावं लागतं.

आता ती पॉवर बँकवाली उत्साही मंडळी. एकदाच वापरून फेकायच्या ई-सिगारेटमध्ये सेल मात्र पुन्हा चार्ज होऊ शकणाराच असतो. पुष्कळ नमुन्यांत फक्त चार्जिंगचं भोक दिलेलं नसतं. चांगला सेल कचऱ्यात जातो याची चीड येणं मला समजतं, आणि फेकलेल्या वस्तूतून काही बनवणाऱ्या पोरांबद्दल कौतुकच आहे. पण फेकलेला सेल किती खाली उतरलाय ते आधी बघायला हवं. फोनमध्ये किंवा स्कूटरमध्ये ३ व्होल्टच्या आसपास सुरक्षा सर्किट वाट बंद करतं. फेकाऊ वस्तूत ते काम नीट होईलच असं नाही, आणि झालं तरी महिनोन्‌महिने पडून सेल स्वतःहून आणखी उतरत राहतो. व्होल्टेज फार खाली गेलं की ग्रॅफाइट ज्या तांब्याच्या पत्र्यावर लिंपलेलं असतं, तो पत्राच विरघळायला लागतो. असा सेल पुन्हा चार्ज केला की विरघळलेलं तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. तो त्याच दिवशी पेटेल असं नाही. चार्ज होईल, चालेलही, आणि मग एखाद्या रात्री उशीखालच्या पॉवर बँकेत रंग दाखवेल.

मीटरवर ० आलं तर मात्र लगेच निकाल देऊ नका. सुरक्षा सर्किटने वाट बंद केली असेल तर बाहेरच्या टोकांवर ० च दिसणार. सुया थेट सेलच्या पत्र्यांना लावून बघायच्या. तिथे २.५ च्या वर असेल आणि सेल फुगलेला, चेपलेला किंवा वास मारणारा नसेल, तर लिथियमच्या योग्य चार्जरवर, अगदी कमी करंटने सुरुवात करून, डोळ्यांसमोर ठेवून बघता येतो. योग्य चार्जर सेल ३ व्होल्टपर्यंत येईस्तोवर स्वतःच हात आखडता ठेवतो. चार्ज होऊन आठवडाभर ठेवल्यावर तो ४.१ च्या खूप खाली आपोआप उतरला, तर आत गळती आहे, ठेवू नका. दीड व्होल्टच्या खाली सापडलेल्या सेलशी तर खेळूच नका. त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. कचराभूमीकडे जाणाऱ्या गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबला गेलेला सेल कितीही उतरलेला असला तरी ठिणगी पाडण्याइतकं त्याच्यात बहुधा उरलेलं असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण बंदी घातलेली वस्तू विकणारा तो उत्पादक सापडायचा कुठे, म्हणून हे काम सध्या तरी ज्याच्या हातात सेल आहे त्यालाच करावं लागतं.